एसीत पाणी कुणी घातलं?

आमच्या इमारतीत एक बातमी फिरते आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या नळकाकांनी म्हणे नव्या एसीला कूलर समजून त्यात बादलीभर पाणी ओतलं, एसी जळाला आणि त्या उकाड्यात बिचारी काकू गेली. ही बातमी खोटी आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तिचा पहिला अर्धा भाग मीच पसरवला. उरलेला अर्धा लोकांनी जोडला, आणि जोडकाम इतकं बेमालूम झालं की आता सांधा कुठे आहे ते माझं मलाच सापडत नाही.

पाणी होतं, हे खरं. पण बादलीभर नव्हतं, आणि कूलर समजून तर मुळीच नव्हतं.

नळकाकांना खरं नाव आहे, वीजबिलावर ते छापूनही येतं. पण वापराविना गंजलेल्या चावीसारखं ते कुणाच्याच हाताला लागत नाही. चाळीस वर्षं त्यांनी प्लंबिंग केलं. ही इमारत बांधली गेली तेव्हा हिचे सगळे पाइप त्यांनीच टाकले आणि मग हिच्यातच दोन खोल्या घेऊन राहायला आले. "स्वतः बसवलेल्या नळाखाली रोज आंघोळ करायला छाती लागते," असं म्हणायचे. ठेंगणे, रुंद, पान्यासारखा अंगठा. खिशात रुमाल नसेल, पण सांध्याला गुंडाळायची पांढरी टेप असणारच. कुणाच्या घरी गेले की यजमानाआधी नळाकडे बघायचे, आणि नळ ठीक असला तरच यजमानाची चौकशी करायचे.

त्यांची एक खोड होती. काम झालं की पाइपाचं तोंड बंद करायचं, आत पाणी भरायचं, हातपंपानं दाब द्यायचा आणि पंपावरच्या काट्याकडे टक लावून बसायचं. अर्धा तास. काटा खाली आला तर कुठेतरी गळती. जागच्या जागी राहिला तर काम पक्कं. याला ते "पाणी दाखवणं" म्हणायचे. त्या अर्ध्या तासात चहा घ्यायचे नाहीत, बोलायचे नाहीत, कुणी बोललं तर ऐकायचे नाहीत. "पाइप असो की माणूस," ते सांगायचे, "पाणी दाखवल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही."

यावर काकू म्हणायची, "लग्नानंतर सहा महिने माझ्याकडेही असेच बघत बसायचे. म्हटलं, अहो, काटा खाली आला का? तर म्हणतात, अजून अर्धा तास व्हायचाय."

काकूचा शब्द असा चिमटा काढून पुन्हा हळद लावणारा. मला तिनंच "रेडिओ" हे नाव दिलं. म्हणायची, "याला बंद करायचं बटण बसवायला विसरलेत." मी रागावलो नाही. बातमी मला पचत नाही हे खरंच आहे, आणि खऱ्याला रागावून काय करणार?

दोन वर्षांपूर्वी काकांच्या हाताला कंप सुटला. आधी उजव्या, मग डाव्या. चहाचा कप बशीवर वाजू लागला, तसं ते बशी घेईनासे झाले. कामं आपोआप बंद पडली. त्याच सुमारास आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. काकांना सांगावं तर त्यांचे हात आठवले, म्हणून मी दुसऱ्याच प्लंबरला बोलावलं. तो पिशवी घेऊन जिना चढत होता आणि नेमके काका उतरत होते. त्यांनी त्याच्या पिशवीकडे पाहिलं, माझ्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वायसर बदलायचा असेल. बाकी काही नाही." आणि खाली गेले. खरोखरच वायसर बदलायचा होता. नंतर महिनाभर त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तोंड उघडलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू आजारी पडली. हृदय थकलं होतं, त्यामुळे फुफ्फुसात पाणी साठायचं. दवाखान्यात नेऊन पाणी काढायचे, आठवड्यात पुन्हा साठायचं. चाळीस वर्षं गावाची गळती थांबवणाऱ्या माणसाच्या घरात हे पाणी येऊन बसलं. काकू डोळे मिचकावून त्यांना म्हणाली, "बघा ना, लीक कुठे आहे. इतरांच्या घरी धावत जाता." काका उठून गॅलरीत गेले. त्यांना त्या वेळी हसता आलं नाही आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, हिला उकाडा सोसणार नाही, खोली थंड ठेवा. मुलगी दूर परगावी असते. तिनं तिथूनच एसी घेऊन पाठवून दिला. एक मोठं खोकं, एक लहान खोकं. मग फोन केला. फोन काकूच्या उशाशी असायचा आणि तिला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं लावलेला असायचा, त्यामुळे मी कान लावून ऐकत होतो असं कुणी म्हणू नये.

"बाबा, माणूस बोलवा. कंपनीचा माणूस येऊन बसवून जाईल, दोन तासांचं काम आहे."

"मी काय माणूस नाही?"

"तसं नाही हो बाबा. ते त्यांचं रोजचं काम असतं."

"दोन नळ्या तर जोडायच्यात. एक जाडी, एक बारकी. मी अख्ख्या इमारतीला पाणी पाजलं, मला दोन नळ्या जड आहेत?"

"बाबा, तुमचे हात..."

पुढचं वाक्य तिनं गिळलं, पण वेळ टळून गेली होती. काकांनी फोन काकूच्या हातात दिला आणि खोकं उघडायला बसले.

मलाही वाटत होतं की माणूस बोलवावा. काका हत्यारं काढायला आत गेले तेव्हा मी काकूला तसं म्हणालो. ती तीन उश्यांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. ती म्हणाली, "करू दे त्यांना."

"अगं पण काकू, खोली लवकर थंड व्हायला हवी ना."

"माझं काय रे, मी आज ना उद्या थंड होणारच आहे." स्वतःच्या विनोदावर ती हसली आणि मग बराच वेळ खोकली. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाली, "तुझ्या घरी तो दुसरा नळवाला आला ना, तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. आता याच घरात माणूस आला तर हे अंथरुणातून उठायचे नाहीत. मग माझ्या उशाशी कोण बसेल? तू? तू तर बडबडून मारशील मला."

मी तिची सरकलेली उशी सारखी केली.

काकांनी तीन दिवस काम केलं. घाई नाही. आतलं यंत्र काकूच्या पायथ्याच्या भिंतीवर, बाहेरचं गॅलरीत लोखंडी चौकटीवर. भिंतीला भोक पाडताना त्यांनी बाहेरच्या बाजूला बोटभर उतार दिला, म्हणजे एसीचं ठिबकणारं पाणी आत येणार नाही. हे शंभरात ऐंशी जण विसरतात, असं त्यांनी मला ऐकवलं. तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरावं लागतं, आणि ते पसरण्याआधी नळीवर नट घालायचा असतो. पहिल्या नळीला ते नट घालायचं विसरले. नळी कापून पुन्हा सुरुवात केली. हात थरथरत होते म्हणून त्यांनी नळी गुडघ्यांत धरली, कोपर भिंतीला टेकवलं आणि श्वास रोखून ते तोंड पसरलं. मी पाहिलं ते. इतकं गोल, इतकं गुळगुळीत, जसं काही त्या हातांना त्या घटकेपुरता आपला आजार आठवला नाही. काकू पलंगावरून बघत होती. म्हणाली, "बघा, थांबले. माझ्यासाठी थांबले हात."

"नळीसाठी थांबले," काका म्हणाले. पण मान खाली घालून हसले.

आता पाण्याकडे येतो.

एसीबरोबर एक पुस्तिका होती. अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी आणि भाषा परकी. काकांनी चित्रं पाहिली. शेवटच्या चित्रात नळ्या जोडून झाल्या होत्या आणि त्यांना एक पंप लावलेला होता. पंपावर काटा होता. चित्राशेजारी घड्याळ काढलं होतं आणि त्यात अर्धा तास दाखवला होता.

तुम्हीच सांगा, पंप, काटा आणि अर्धा तास पाहून नळकाकांना काय वाटावं?

"बघ," मला म्हणाले, "यांनाही पाणी दाखवावं लागतं." त्यांच्या आवाजात किती आनंद होता ते मला लिहून दाखवता यायचं नाही. परक्या मुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसे ते त्या चित्राकडे बघत होते. माळ्यावरून त्यांनी आपला जुना हातपंप काढला, पुसला, तेल दिलं. नळ्यांत पाणी भरलं, दाब दिला आणि काट्यासमोर स्टूल घेऊन बसले.

चित्रातला पंप ओढणारा होता. नळीतली हवा न् हवा, ओलावा न् ओलावा बाहेर काढून ती कोरडीठाक करणारा. काकांचा पंप ढकलणारा. हे मला आता कळतं. तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि मलाही ते बरोबर वाटलं होतं.

अर्धा तास काटा हलला नाही. मग त्यांनी पाणी सोडून दिलं, आणि आत काही राहू नये म्हणून नळीला तोंड लावून फुंकर मारली. एकदा, दोनदा, दहादा. चेहरा लाल झाला. पलंगावर काकू श्वासाला महाग झालेली, आणि इकडे तिचा नवरा छातीतला सगळा श्वास त्या नळीत ओतत होता.

एसी सुरू झाला. खरंच झाला. थंड हवा आली तशी काकूनं डोळे मिटले आणि म्हणाली, "नदीत पाय सोडून बसल्यासारखं वाटतंय." पाच दिवस एसी चालला. त्या पाच दिवसांत काकू दोन उश्यांवर झोपली. आम्ही सगळे बघून गेलो, गार हवा खाऊन गेलो. काका दारात उभे राहून प्रत्येकाला भिंतीतलं ते उताराचं भोक दाखवायचे. मुलीला फोन लावून म्हणाले, "माणसानंच बसवला गं एसी." पाच दिवस तो माणूस तीन जिने शीळ घालत उतरायचा.

सहाव्या दिवशी हवा मधेच गरम यायला लागली, मधेच थंड. गॅलरीतलं यंत्र कण्हायला लागलं. संध्याकाळपर्यंत ते गप्प झालं. काकांनी नट आवळून पाहिले, वायरी पाहिल्या, मग सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. काही गळत नव्हतं. गळत असतं तर त्यांना कळलं असतं काय करायचं ते.

काकू पुन्हा तीन उश्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः फोन करून एसीवाल्या मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक चाळिशीचा, शांत, कामाशी काम ठेवणारा होता. त्यानं गॅलरीतल्या यंत्राचा नट सैल केला. थोडा फुस्स आवाज झाला आणि मागोमाग दोन थेंब फरशीवर पडले. त्यानं थेंबाला बोट लावलं, बोट अंगठ्यावर घासलं आणि वर बघितलं.

"एसीत पाणी कुणी घातलं?"

गॅलरीत आम्ही तिघे होतो. काका पुढे सरकले. मग आतून, पलंगावरून आवाज आला.

"मी."

मेकॅनिकनं दारातून आत वाकून पाहिलं. काकू एकेक शब्द श्वासावर तोलून बोलत होती. "मीच म्हटलं त्यांना... पाण्यानं तपासून घ्या... नाहीतर माझा भरवसा बसणार नाही." संसार केला तेवढ्या वर्षांत काकूनं नवऱ्याच्या कामात एकदाही नाक खुपसलं नव्हतं.

काका म्हणाले, "खोटं बोलतेय ती. मी घातलं. दोन वेळा घातलं. पहिल्यांदा काटा नीट दिसला नव्हता."

ते मलाही माहीत नव्हतं. मी चहाला घरी गेलो असताना त्यांनी खात्री करायला पुन्हा पाणी दाखवलं होतं.

मेकॅनिक रागावला नाही, हसलाही नाही. त्यानं समजावून सांगितलं. आत राहिलेलं थोडंसं पाणी बारीक नळीत गोठलं, वाट चोंदली, आणि कॉम्प्रेसर जोर लावून लावून बसला. आता सगळंच बदलावं लागेल. मग त्यानं सांध्यांवरून बोट फिरवलं. "हे जोड कुणाचे, काका?"

"माझेच."

"आमच्यात असे कुणी करत नाही आता. एवढ्या दाबाला एक थेंब बाहेर आला नाही."

काका म्हणाले, "म्हणूनच आत राहिला."

मी खाली उतरलो. जिन्यापाशी तिघे-चौघे उभे होतेच. "काय झालं हो वर?" आणि माझ्या जिभेला ती खाज सुटली. म्हटलं, "काही नाही, काकांनी कूलर समजून बादलीभर पाणी ओतलं!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. त्या दिवशी तो नुसता विनोद होता.

मुलीनं ताबडतोब दुसरा एसी मागवला आणि स्वतः यायला निघाली. एसी यायला आठवडा लागणार होता. ते दिवस काकांनी पलंगाशेजारच्या स्टुलावर काढले. पंखा होताच, पण पंख्याची हवा गरम. त्यांनी एसीच्या खोक्याचं झाकण फाडून घेतलं आणि त्यानं तिला वारा घालत बसले. पुठ्ठ्यावर बर्फाच्या चांदण्या छापलेल्या होत्या. हात थरथरायचे, त्यामुळे तो वारा झुळकेसारखा नाही, पाखराच्या पंखासारखा फडफडत यायचा. काकू म्हणाली, "आता हा कंप कामाला आला बघा." हे तिचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य.

चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी फ्रिजमधला बर्फ भांड्यात घेऊन वर गेलो. मुलगी अजून प्रवासातच होती. काका वारा घालत होते. काकूचा चेहरा शांत होता, जरा जास्तच शांत. मी भांडं खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. मग म्हणालो, "काका, थांबा आता."

"थांबलो की तिला घाम येतो," ते म्हणाले.

तिचं कपाळ कोरडं होतं. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. बर्फ विरघळून भांड्यात पाणी झालं, तेव्हा त्यांनी त्या पाण्याकडे पाहिलं आणि पुठ्ठा मांडीवर ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयच संपलं होतं, उकाड्याचा दोष नाही. "एसी चालू असता तरी..." म्हणाले आणि अडखळले.

"तरी काय?" काकांनी विचारलं.

"तरी फार दिवस नव्हते, काका."

"जे होते ते थंडाव्यात गेले असते," काका म्हणाले.

माझा विनोद जिना उतरताना हसत गेला होता, तो त्याच आठवड्यात चढताना निराळाच होऊन आला. त्याला दात फुटले होते. दोन पैसे वाचवायला म्हाताऱ्यानं बाई मारली, असंही कुणीतरी म्हणालं. मी प्रत्येकाला अडवून सांगत सुटलो की तसं नाही, पण रेडिओचं खरं कोण ऐकतो? शेवटी काकांनाच जाऊन सांगितलं की ही बादली माझी आहे. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तांब्याभर होतं. दोन वेळा मिळून दोन तांबे. सांगायचंच तर माप तरी नीट सांग." म्हणून हे लिहिलं.

दुसरा एसी काकू गेल्यावर चौथ्या दिवशी आला. तो रद्द करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. खोकं बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून आहे, न उघडलेलं. त्यावर काका चहाचा कप ठेवतात. मुलगी पंधरा दिवस राहून परत गेली. तिनं त्यांना सोबत यायला सांगून पाहिलं, ते गेले नाहीत. परवा तिनं मला फोन केला. "दादा, उन्हाळा अजून सरलेला नाही. बाबांना सांगा ना, माणूस बोलवून एसी लावून घ्या म्हणावं. माझं ऐकत नाहीत."

मी वर गेलो. काका पायथ्याच्या भिंतीकडे तोंड करून पलंगाच्या कडेला बसले होते. भिंतीवर ते बंद यंत्र आहे, शेजारी उताराचं भोक आहे. तिन्ही उश्या एकावर एक रचलेल्या. मी आपला नेहमीचा थट्टेचा सूर लावला. म्हटलं, "काका, हट्ट पुरे झाला. या वेळी तरी स्वतः करू नका. माणूस बोलवा."

त्यांनी उश्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोलावून माणूस येत असता ना रेडिओ, तर एसीवाल्याला कशाला, हिलाच नसतं बोलावलं?"